काळ्या चौकोनांची यादी

नोकरीत केलेले बहुतेक पंचनामे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण सावेडीतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा पंचनामा मला अजून ओळीन् ओळ आठवतो. कारण सोपं आहे. त्यात मी स्वतःच्या हाताने जे लिहिलं, त्यातलं निम्मं मला कळलेलं नव्हतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी नगर शहरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो आणि सावेडीचा बराच भाग आमच्या हद्दीत येत असे. तिथले गुन्हे ठरावीक असायचे. बंद बंगल्याचं कुलूप तोडलं, स्कूटर चोरीला गेली, सोसायटीत पाण्यावरून भांडण झालं. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ठाणे अंमलदाराने निरोप दिला की रुग्णालयात एका बाईने रक्त तपासणाऱ्या माणसाचं डोकं फोडलं आहे. मी एक हवालदार आणि एक महिला शिपाई घेऊन निघालो.

प्रयोगशाळेच्या दारात काचा पडल्या होत्या. आत एक तिशीतली बाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. पळून जायचा प्रयत्न नाही, रडणं नाही. तिच्या शेजारी परीक्षानळ्या ठेवायचा लाकडी स्टँड पडला होता आणि त्याच्या कडेला रक्त होतं. ज्याला तिने मारलं तो तंत्रज्ञ स्टुलावर बसला होता. कपाळावर नर्सने दाबून धरलेला कापूस लाल झाला होता. आणि तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते असं:

"साहेब, मला तक्रार द्यायची नाही."

"द्यायची नाही कशी?" मागून आवाज आला. रुग्णालयाचे कार्यालय अधीक्षक होते. पन्नाशीचे, इस्त्रीचा सफारी घातलेले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. "उद्या कोणीही येऊन आमच्या माणसांची डोकी फोडेल. संस्थेतर्फे फिर्याद मी देतो. लिहून घ्या."

फिर्याद त्यांची घेतली. बाईला ठाण्यात आणलं.

माझा एक अनुभव आहे. मारामारी करून आलेला माणूस पहिला अर्धा तास स्वतःचं बरोबर कसं होतं तेच सांगतो. त्याला पाणी द्यावं आणि बोलू द्यावं. या बाईला पाणी दिलं तर तिने ते प्यायलं नाही. महिला शिपायाने विचारलं, "ताई, कुठून आलात?" तेव्हा ती म्हणाली, "पाथर्डीकडून. सकाळच्या येष्टीनं." आणि मग माझ्याकडे बघून, "सायेब, मला काय करायचं ते करा. पर आधी आमच्या मालकाला हुडका. चार दिस झालं, त्येंचा पत्ता न्हाई."

तिचा जबाब मी स्वतः लिहिला. नवरा पाथर्डी ते नगर जीप चालवायचा. ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, म्हणून याच रुग्णालयात रक्त दिलं. पुढच्या आठवड्यात येऊन डॉक्टरांना भेटायचं होतं. तो आठवडा संपायच्या आतच गावात बोभाटा झाला की जीपवाल्याला एड्स आहे.

"आधी त्येंच्या जिपंत कुनी बसंना," ती सांगत होती. "मग अंगनवाडीत पोरं येईना झाली. बाया तोंडावर काय बोलत न्हाईत, सायेब. मी हापशावर गेले का त्या हंडं उचलून मागं सरत्यात. सासूनं माझं ताट येगळं केलं. मालक दोन दिस भितीकडं तोंड करून पडलं हुतं. तिसऱ्या दिशी उठलं, जिपीची किल्ली उंबऱ्यावर ठिवली आन गेलं."

"लोकांना कळलं कुठून?"

"दवाखान्यातून! दुकानदार सांगत हुता, कंप्युटरमधी ह्यांच्या नावाम्होरं काळा ठिपका हाय. सगळ्या गावाला सांगितलं त्यानं. मग ठिपका कुनी दावला? रगत तपासनाराच ना?"

"म्हणून मारलंत?"

"मारायला न्हवते आले. इचारायला आले हुते. म्हनलं, दादा, हे खरं हाय का? तो म्हनला, मी तुमाला काय बी सांगू शकत न्हाई. म्हनलं, नुस्तं न्हाई म्हन. मान हालव नुस्ती. तरी म्हनला, मला सांगता येत न्हाई. मग मला कळलं, खरंच हाय. आन ह्यो गावाला सांगतोय, मला सांगत न्हाई!"

गुन्हा जामीनपात्र होता. तिचा भाऊ दुपारी आला, त्याने जामीन दिला. मी पाथर्डीला बिनतारी संदेश पाठवून नवऱ्याची बेपत्ता म्हणून नोंद करायला सांगितली. कागदावर माझं काम संपलं होतं. पण ज्याचं डोकं फुटलं त्यानेच आधी दुसऱ्याचं घर फोडलं असेल, तर नुसतं दोषारोपपत्र पाठवून मोकळं होणं मला बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी मी तंत्रज्ञाला ठाण्यात बोलावलं.

तो कपाळाला चार टाके घेऊन वेळेवर आला. चाळिशीचा, बारीक, खिशाला दोन पेनं. मी सरळ विचारलं, "त्या जीपवाल्याचा रिपोर्ट काय आहे?"

"साहेब, ते मी सांगू शकत नाही."

"मी पोलीस आहे."

"हो साहेब. पण रिपोर्ट पेशंटला, तोही डॉक्टरांच्या समोर. असा आमचा नियम आहे. तुम्ही डॉक्टरांना लेखी पत्र द्या."

मी डॉक्टरांना फोन लावला. तेही तेच म्हणाले, "पेशंटला घेऊन या, त्याच्यासमोर लिफाफा उघडतो." माझा तपास मारहाणीचा होता, रिपोर्टचा नव्हता, म्हणून लेखी मागणीही मला करता येत नव्हती. खरं सांगायचं तर मीसुद्धा त्या बाईसारखाच निष्कर्ष काढला. नसता तर नाही म्हणाले असते. सांगत नाहीत, म्हणजे आहे.

"बरं," मी तंत्रज्ञाला म्हणालो, "नावं कुठे लिहिता?"

"निकाल रजिस्टरमध्ये. ते कपाटात, किल्ली माझ्याकडे आणि डॉक्टरांकडे. नावांची यादी कंप्युटरवर."

"ती यादी कोण बघू शकतं?"

"फक्त मी." तो अभिमानाने म्हणाला. "फाईलला मी कुलूप लावलेलं आहे. माझ्याशिवाय कुणालाच वाचता येणार नाही."

माझा हवालदार माझ्याकडे बघून हलकेच हसला. आरोपी स्वतःच्या तोंडाने स्वतःला एवढं बांधून घेतो असं फार क्वचित होतं. यादी फक्त तू बघू शकतोस, आणि यादीतली गोष्ट गावात पोचली. तिसरा माणूस आणायचा कुठून?

"मग नावापुढे काळा ठिपका कुणी केला?"

तो गोंधळला. "काळा ठिपका? माझ्या यादीत खूण-बिण काही नसते. नुसते नंबर आणि नावं."

मला वाटलं, आता हा निसटायला बघतोय. मी आवाज चढवला. तो घाबरला, पण बोलणं बदललं नाही. तीन तास मी त्याला फिरवून फिरवून तेच विचारलं आणि तीन तास त्याने तेच सांगितलं. फाईल बंद आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही. ठिपका नाही. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्यांदा सांगताना एखादी सोयीची गोष्ट बदलतो. याने स्वतःला सोडवणारी एकमेव गोष्ट, म्हणजे आणखी कुणीतरी यादी पाहिली असेल, ही शक्यतासुद्धा स्वीकारली नाही. उलट मी ती सुचवली तर म्हणाला, "अशक्य, साहेब."

मी त्याला घेऊन प्रयोगशाळेत गेलो. म्हटलं, कुलूप दाखव.

त्याने मला आधीची हकीकत सांगितली. प्रयोगशाळेत कुठल्याशा कारखान्याने काढून टाकलेला एक जुना युनिक्सचा संगणक होता. त्याच्यावर तो कामापुरतं शिकला होता. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या, मशीन ऐकतं. महिन्यापूर्वी तो संगणक बंद पडला. विक्रेत्याने नवा दिला, विंडोजवाला, माऊसचा. याला तो जमेना. तेव्हा विक्रेत्याच्या माणसाने एका सीडीवरून एक प्रोग्राम टाकून दिला. तो सुरू केला की नव्या मशीनवर जुनाच काळा पडदा उघडतो आणि जुन्याच आज्ञा चालतात.

"तो म्हणाला, समजा युनिक्सच आहे. आणि खरंच साहेब, अगदी तसंच चालतं."

त्याने एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. पडद्यावर काहीच झालं नाही. खाली नवी रिकामी ओळ आली.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"फाईल बंद झाली."

"पण मशीन तर काही बोललं नाही."

"युनिक्स असंच असतं, साहेब. चुकलं तरच बोलतं. गप्प राहिलं म्हणजे काम झालं."

मी पंचनाम्यात लिहिलं, 'सदर इसमाने कुलूप लावण्याची आज्ञा दिली असता यंत्र गप्प राहिले.' पंच म्हणून समोरचा पानवाला आणि एक रिक्षावाला आणले होते. पानवाल्याने सही करताना विचारलं, "साहेब, ह्यात चोरीला गेलं काय?" मी पेन रिक्षावाल्याच्या हातात दिलं.

तिसऱ्या दिवशी पाथर्डीहून खबर आली. तिथल्या बीट हवालदाराने गावात चहाच्या टपरीवर बसून काम केलं होतं. ही माणसं कुणाला काही विचारत नाहीत, फक्त दुसरा चहा मागवतात. त्याने कळवलं की बाई म्हणाली तो दुकानदार कापडवाला आहे, आणि बातमी खरंच त्याच्यापासूनच निघाली. मी स्वतः गेलो. दुकानदार गादीवरून उठला, हात जोडले, म्हणाला, "नगरच्या पाहुन्यांनी सांगितलं. पन नाव नका इचारू साहेब, नात्याचं हाय."

"पाहुण्यांनी पाहिलं का ऐकलं?"

"डोळ्यांनी पाहिलं. कंप्युटरवर. नावापुढं काळी चौकट."

ठिपका नव्हे, चौकट. परतताना जीपमध्ये मी तोच विचार करत होतो. अफवा पसरवणारा माणूस मोठी गोष्ट बनवून सांगतो. अशी बारीकसारीक, निरुपयोगी खूण कोणी बनवत नाही. ती कुठेतरी पाहिलेली असते. मग तंत्रज्ञाच्या यादीत ती का नाही? मी त्याच्या काळ्या पडद्यावर यादी पाहिली होती. नंबर, नाव, नंबर, नाव. एकाखाली एक, स्वच्छ.

आमच्या ठाण्यात तेव्हा टाइपरायटर होता आणि त्याचा एक खिळा तुटका. संगणक कळणारं कुणी नव्हतं. वरिष्ठांना विचारलं तर म्हणाले, "साध्या मारहाणीत कंप्युटर कशाला घालताय? पाठवून द्या कागद." शेवटी मी एका महाविद्यालयात संगणक शिकवणाऱ्या बाईंना विनंती केली. तरुण होत्या, सावेडीतच राहायच्या. कॉलेज सुटल्यावर दुपारी स्कूटरवरून आल्या. तंत्रज्ञ, मी आणि हवालदार असे तिघे त्यांच्या मागे उभे राहिलो. दोन्ही पंच पुन्हा बोलावले होते.

त्यांनी आधी मशीन बंद करून सुरू केलं. त्याने पासवर्ड मागितला. तंत्रज्ञ सांगायला पुढे झाला, तर त्या म्हणाल्या, "नको." आणि कीबोर्डच्या कोपऱ्यातलं एक बटण दाबलं. पासवर्डची चौकट निघून गेली आणि सगळं उघडलं.

"हे असं चालतं?" मी विचारलं.

"या मशीनवर चालतं. तो पासवर्ड फक्त विचारण्यापुरता आहे."

मग त्यांनी काळा पडदा उघडला. तंत्रज्ञाला म्हणाल्या, "तुमची आज्ञा द्या." त्याने दिली. मशीन गप्प. "आता फाईलचे हक्क, म्हणजे ती कोण वाचू शकतं, ते दाखवायची आज्ञा द्या." त्याने दिली. एक अक्षरांची ओळ आली. मला ती कळली नाही, पण मी तंत्रज्ञाचा चेहरा पाहत होतो. तो पडद्याच्या जवळ वाकला. पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा ओळ पाहिली.

"बदललंच नाही," तो म्हणाला.

"नाहीच बदलणार," मॅडम म्हणाल्या. "सर, हा प्रोग्राम युनिक्स नाही. युनिक्सच्या आज्ञा ऐकतो आणि विंडोजला समजतील तशा करून सांगतो. विंडोजला जे येतं तेवढंच होतं. या डिस्कवर कुणाची फाईल कुणी वाचायची, असला प्रकारच नाही. मग कुलूप लावणार कुठे? आज्ञा ऐकून घेतली आणि सोडून दिली."

"आणि झालं म्हणून खोटं सांगितलं?"

"झालं असं सांगितलं नाही ना. तक्रार केली नाही, एवढंच. खऱ्या युनिक्सवर त्याचा अर्थ काम झालं असा होतो. इथे तो अर्थ धरता येत नाही."

मी म्हटलं, "मॅडम, मला हवालदाराला सांगतात तसं सांगा." माझा हवालदार म्हणाला, "साहेब, मला कळलंय. तुम्हालाच सांगायला पाहिजे." सगळे हसले, तंत्रज्ञ सोडून. तो अजून ती अक्षरांची ओळ बघत होता.

"मी परत कधी तपासलंच नाही," तो पुटपुटला. "आठ वर्षं गप्प म्हणजे झालं, असंच होतं."

मी विचारलं, "मग दुसरा कुणी ही यादी उघडणार कशी? त्याला या आज्ञा यायला पाहिजेत ना?"

"कशाला? माऊसने उघडेल." मॅडमनी काळा पडदा बंद केला, एका पिवळ्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली, मग फाईलवर. पांढरी खिडकी उघडली.

मी आयुष्यात बरेच पुरावे पाहिलेत. पण असा कधीच नाही. तीच यादी होती. मात्र एकाखाली एक नव्हती. सगळी नावं एकाच लांब ओळीत एकमेकांना चिकटलेली, आणि प्रत्येक नावाच्या पुढे एक छोटा काळा चौकोन.

"हे काय?" तंत्रज्ञाने विचारलं. त्यानेही ते पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"ओळ संपल्याची खूण. युनिक्सची पद्धत वेगळी आणि विंडोजची वेगळी. तुमच्या काळ्या पडद्याने फाईल युनिक्सच्या पद्धतीने लिहिली. विंडोजच्या या साध्या खिडकीला ती खूण ओळखता येत नाही, म्हणून ती चौकोन काढते. त्याला काही अर्थ नाही."

मी मुद्दाम विचारलं, "प्रत्येक नावापुढे आहे?"

"प्रत्येक."

यादीत बेचाळीस नावं होती. महिन्याभरात ज्यांची ज्यांची ही तपासणी झाली ती सगळी. निकाल एकाचाही नाही. फाईलच्या नावात मात्र तपासणीचं नाव होतं, एचआयव्ही. ज्याने ती खिडकी उघडली असेल त्याने ते नाव वाचलं, काळे चौकोन पाहिले आणि पुढचं स्वतःच्या मनाने वाचलं.

तंत्रज्ञाला तो चौकोन कधीच दिसला नव्हता, कारण तो कायम काळ्या पडद्यातून बघायचा. म्हणजे ज्याने चौकोन पाहिला तो दुसरा माणूस. तीन दिवस ज्याला मी आरोपी धरलं होतं तो माझ्यासमोर उभा होता, आणि मी त्याची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. खात्यात ती सवय नव्हती. "या तुम्ही," एवढंच म्हणालो.

आता माऊस वापरणारा माणूस शोधायचा होता. त्याला वेळ लागला नाही. प्रयोगशाळा झाडणाऱ्या मावशींना मी विचारलं, इथे दुपारी कोण बसतं? त्या म्हणाल्या, "लॅबवाले जेवायला घरी जातात ना, तवा भाऊसाहेब येतात. मशीनवर पत्ते खेळतात. अर्धा तास. लॅबच्या दाराची दुसरी किल्ली त्यांच्याकडंच असती."

भाऊसाहेबांना मी त्यांच्याच कार्यालयात भेटलो. चहा आला. मी इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. मुलं काय करतात, गाव कुठलं, सासुरवाडी कुठली. कापड दुकानदार 'नात्याचं' म्हणाला होता, म्हणून मग अंदाजाने म्हटलं, "तुमचे साडू कापडाचं दुकान चालवतात ना, पाथर्डीकडे?"

त्यांनी कप खाली ठेवला. "हो. पण मी त्या लॅबच्या फायलींना हात लावत नाही. मला त्यातलं काही कळतही नाही."

"फायलींचं मी कुठे विचारलं?"

ते रुमालाने मान पुसत राहिले. मी काही बोललो नाही. चौकशीत प्रश्नापेक्षा शांतता जास्त काम करते, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात.

"पत्त्यांचा डाव शोधत होतो," शेवटी ते म्हणाले. "चुकून ते उघडलं. साहेब, मी वाईट हेतूने... साडूच्या गावच्या जीपवाल्याचं नाव दिसलं. त्यांच्याकडे लहान मुलं आहेत, त्या बाईच्याच अंगणवाडीत जातात. मला वाटलं सावध करावं. नावापुढे काळा चौकोन होता, साहेब. स्वच्छ काळा. कुणालाही तेच वाटलं असतं."

"बाकीच्या एक्केचाळीस नावांपुढेही होता."

"त्यांना मी ओळखत नव्हतो," ते म्हणाले.

मी जबाब लिहून घेतला, पण कलम कोणतं लावायचं ते मला कळेना. संगणकाच्या गुन्ह्यांसाठी तेव्हा वेगळा कायदा नव्हता. कुलूप तोडलं म्हणावं तर कुलूप नव्हतंच. चोरी म्हणावी तर फाईल जागच्या जागी होती. सरकारी वकिलांनी चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बदनामी. अदखलपात्र. तिला खाजगी फिर्याद करायला सांगा." एका माणसाचं घर मोडलं होतं आणि माझ्या हातात अदखलपात्र नोंदीची एक पावती होती.

त्याच संध्याकाळी बेपत्ता नवऱ्याचा पत्ता लागला. जीपवाल्यांची एक साखळी असते. पाथर्डीच्या स्टँडवर विचारलं की शेवगावचा सांगतो, त्याला नेवाशाचा. बाईचा नवरा सोनईत एका मेकॅनिककडे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा जीपखाली झोपून काम करत होता. बाहेर आला, हात पुसले, म्हणाला, "मला रिपोर्ट बघायचा न्हाई, साहेब. बायकोला सांगा मी मेलो."

"बायकोनं तुझ्यापायी एका माणसाचं डोकं फोडलंय," हवालदार म्हणाला. "चल."

तो जीपमध्ये बसला. तासभराचा रस्ता होता. घाट नाही, वळण नाही, तरी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून होता.

रुग्णालयात त्याची बायको आधीच येऊन थांबली होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी कपाटातून लिफाफा काढला. आम्हाला बाहेर जायला सांगितलं, पण तो म्हणाला, "राहू द्या. सगळ्या गावाला ठावं हाय." डॉक्टरांनी कागद वाचला, रजिस्टरमधल्या नंबराशी ताडला, पुन्हा वाचला.

"निगेटिव्ह आहे. तुम्हाला काही झालेलं नाही."

तो हलला नाही. "मग काळा ठिपका?"

"ठिपका बिपका काही नाही. ती मशीनची गडबड होती."

"पर ठिपका व्हता ना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मॅडमचं सगळं बोलणं आठवून सांगायला सुरुवात केली. ओळ संपते, काळा पडदा, पांढरी खिडकी. अर्ध्यात माझाच गोंधळ झाला. त्याला खात्री पटावी म्हणून डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं, आणि सुई धरायला तोच तंत्रज्ञ आला, कपाळाला पट्टी लावलेला. बाई त्याच्यासमोर उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "नुस्ती मान हालवली असती तर."

"हो," तो म्हणाला. "पण मग ज्यांना खरंच आहे, त्यांच्या बायकांना मी काय उत्तर देऊ? त्यांच्या वेळेस गप्प राहिलो तर त्यांना कळणारच ना."

मला त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ तेव्हा लागला. बाईला लागला की नाही, माहीत नाही. पुढे न्यायालयाच्या परवानगीने मारहाणीचं प्रकरण मिटलं. तंत्रज्ञाने स्वतः उभं राहून सांगितलं की माझी तक्रार नाही. भाऊसाहेबांची औषधभांडारात बदली झाली. यादी पुन्हा वहीत गेली.

दुसरा रिपोर्टही चांगला आल्यावर मी त्या गावात गेलो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सरपंच, दुकानदार, चार जाणती माणसं बसली होती. मी सांगितलं, जीपवाला निरोगी आहे, हे डॉक्टरांचं पत्र. सरपंचांना बरं वाटलं. ते त्या बाईला म्हणाले, "जाऊ दे, पोरी. चुकीच्या माणसाला तरास झाला. आता कुनाची काय बी हरकत न्हाई. उद्यापासून पोरं धाडू अंगनवाडीत."

तिने डोक्यावरचा पदर नीट केला. "आन रिपोर्ट तसा असता तर?"

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हा प्रश्न पोलिसांच्या अखत्यारीतला आहे.

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. नवरा जीप सुरू करून थांबला होता. जीप रिकामी होती. ती पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसली आणि ते गेले.

त्या तपासाने मला कामाची एक सवय लावली. 'बंद आहे', 'लावलेलं आहे', 'कुणाला दिसत नाही' असं कुणी सांगितलं की मी ते लिहून घ्यायच्या आधी विचारायचो, दुसऱ्या बाजूने उघडून पाहिलं का? पुढच्या नोकरीत याचा फार उपयोग झाला. पण हा धडा मला मशीनने दिला. त्या बाईने जे विचारलं, त्याचं काय करायचं ते मला नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं. त्या बेचाळीस नावांपैकी काहींचे रिपोर्ट खरोखर वाईट होते. ती माणसं कोण, कुठल्या गावची, हे मी कधी विचारलं नाही, आणि तंत्रज्ञाने मला ते कधी सांगितलंही नसतं. ओट्यावर त्या दिवशी माझ्या हातात निरोगी माणसाचं पत्र होतं म्हणून मला बोलता आलं. ते नसतं, तर मी तिथे उभा राहून काय बोललो असतो, हे मला आज सत्तरी ओलांडल्यावरही सांगता येत नाही.